मदत ज्याची त्यानं मागायची

सोमवार, १६ जून २०२५

शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक कृष्णात जाधव यांनी मला ऑफिसात बोलावून चहा पाजला. जाधव सर स्वतःहून चहा पाजतात तेव्हा काहीतरी गळ्यात मारायचं असतं. तसंच झालं. यंदा नववीला दर शनिवारी शेवटचा तास खेळांचा. कबड्डी-खोखो नव्हे. मुलांनी राग आवरावा, मनातलं बोलावं, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं, म्हणून वर्गातच खेळायचे खेळ. त्याची पेटी आली आहे, पुस्तिका आली आहे, सांगलीला प्रशिक्षणही आहे.

"नववीचं गणित तुमच्याकडंच हाय मॅडम, पोरं ओळखीची. तुमीच घ्या."

इतक्या गोड बोलण्यावर माझा विश्वास नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. म्हाताऱ्या बाईला खेळात गुंतवायचं आणि गणित हळूच दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकायचं, असा बेत दिसतो. इथे लिहून ठेवते, पुढे ताळा करता येईल. गणितात काय आणि माणसांत काय, ताळा केल्याशिवाय मी उत्तर मान्य करत नाही.

येताना तासगावची एसटी भरलेली. घरी आले तर आमचे हे टीव्हीपुढे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शरच्चंद्रांना नवी खोड लागली आहे. पुटपुटतात. "काय म्हणालात?" विचारलं तर "काही नाही." काही नसतं तर ओठ कशाला हलतात?

शनिवार, २८ जून

प्रशिक्षण उरकलं. शिकवायला राजनंदिनी नावाची पोरसवदा मुलगी. गोड आहे, पण आवाज डासासारखा. हॉलभर शिक्षक बसलेले, पंखे गरगरताहेत, आणि ही बाई कानात गुपित सांगितल्यासारखी बोलते. बाकीचे मात्र हसत होते, माना डोलावत होते. शिक्षक काय, साहेब हसले की हसतात.

मी शेवटी पुस्तिकाच वाचून काढली. लोकरीच्या गुंड्याचा एक खेळ आहे. सगळ्यांनी गोल बसायचं, हातात गुंडा येईल त्यानं आपल्याला कशात मदत हवी ते सांगायचं, धाग्याचं टोक धरून ठेवून गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा. शेवटी मध्ये जाळं तयार होतं. कुणी हसायचं नाही.

एक नियम मला मनापासून पटला, तो लाल पेनानं अधोरेखित केला. मदत ज्याची त्यानं मागायची, दुसऱ्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. वर्गात निम्मे वकीलच असतात. "मॅडम, तिचं पोट दुखतंय," "मॅडम, ह्याची वही हरवली." ज्याचं पोट त्याला तोंड नाही का?

दुसरा नियम असा की शिक्षकानंही मुलांबरोबर खेळायचं. तो मी अधोरेखित केला नाही.

शनिवार, १२ जुलै

पहिला खेळ. एक शब्दही न बोलता वाढदिवसाच्या क्रमानं रांगेत उभं राहायचं, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. सांगलीत आम्हा शिक्षकांना हे जमलं नव्हतं, दोघा मुख्याध्यापकांची जुंपली होती.

नववीनं बघता बघता रांग लावली. एकही चूक नाही.

मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी खेळ आधीच फोडला. मग पाहिलं तर सगळी सूत्रं स्वप्नालीच्या हातात. काटकुळी, दोन वेण्या, पहिल्या बाकावर बसते. हात आडवा केला की मुलं थांबायची, बोटं फिरवली की सरकायची. मी दरडावून विचारलं, हे आधी ठरवलं होतं का? तर मागचा बिरदेव उभा राहून हातवारे करत म्हणाला, "मॅडम, रानात असंच करत्यात. वाऱ्यावर आवाज जात न्हाई, आन् वरडलं की मेंढरं बिथरत्यात. मग हातानं सांगायचं."

शाळेच्या गावातली, हिंगणदऱ्यातली निम्मी मुलं मेंढपाळांच्या घरची. दिवाळी झाली की आईबाप मेंढरं घेऊन कराड-मलकापूरकडे, बागायतदारांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला जातात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं चुलत्याकडं राहून शिकतात, किंवा शिकत नाहीत. तेव्हा बिरदेव म्हणतो त्यात तथ्य असेलही. पण बिनबोलता एकमेकांना सगळं सांगता येणारा वर्ग म्हणजे परीक्षेत काय काय करेल, हे मला आत्ताच दिसतं आहे.

तास मात्र बरा गेला, हे कबूल. पहिल्यांदाच वर्गातून दमून बाहेर आले नाही.

रविवार, २० जुलै

टीव्हीवरून भांडण. हे म्हणतात मी आवाज इतका वाढवते की समोरचे लोक बातम्या आपल्या घरी बसून ऐकतात. खोटं. हल्ली बातम्या देणारेच गुळमुळीत बोलतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नववीत काहीतरी शिजतं आहे.

एक. मुलं हल्ली माझ्याशी तोंड वर करून बोलतात. आधी खाली मान घालून उत्तरं द्यायची, आता थेट माझ्या तोंडाकडे बघत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी जणू कुणी अडाणी आहे.

दुसरं जास्त गंभीर. मी फळ्याकडून वळले की स्वप्नालीचा हात डोक्यावर असतो. तळहात पालथा, टाळूवर. मग ती हनुवटीनं मागच्या एखाद्या बाकाकडे दाखवते. मी तिकडे बघते तर तिथलं कुणीतरी उभं. "काय रे?" म्हटलं की शंका विचारतात. बाईंच्या गणितापुढे डोक्याला हात लावायचा आणि वर मलाच दाखवायचं, ही कसली थट्टा? रागावले तिला. तिनं हात खाली घेतला. पुढच्या उदाहरणाला पुन्हा वर.

एवढं सोडलं तर शिस्त सुधारली आहे. पूर्वी माझा तास लांबायचा आणि जाधव सर दारात कपाळाला आठ्या घालून उभे असायचे. आता स्वप्नाली वही मिटते, मी वर पाहते, आणि तास संपलेलाच असतो. माझ्या ओरडण्याचा काही तरी उपयोग झाला म्हणायचा.

मंगळवार, १९ ऑगस्ट

स्वप्नालीचे वडील धुळा शाळेत आले होते. हा माणूस बोलतो तेव्हा पलीकडच्या डोंगराला ऐकू जातं. असं बोलावं माणसानं.

"आवं मॅडम, सरळ इचारतो. हरणीचा, म्हंजी हिच्या आयचा गुडघा गेलाय. कोकरं कोण बघणार? दिवाळी झाली की पोरीला वाड्यासंगं न्यावं म्हणतोय. पर तुमी म्हणला पोरगी शिकण्याजोगी हाय, तर ठीवतो चुलत्याकडं. तुमी सांगशीला तसं."

वाडा म्हणजे त्यांचा फिरता संसार, मेंढरं, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं. त्याच्याबरोबर गेलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही. नंतर येते ती तिच्या लग्नाची पत्रिका. हे मला ठाऊक आहे. मुलीला गणित छान येतं, हेही ठाऊक आहे. पण ती डोक्यावरच्या हाताची भानगड मनात खटकत होती. मी म्हटलं, सहामाही होऊ द्या, मग सांगते.

"बरं," धुळा म्हणाला. "तुमचा शबुद शेवटचा."

दाराआड स्वप्नाली उभी होती. चोरून ऐकण्याची सवय दिसते.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज लोकरीचा गुंडा. पेटीतला गुंडा उंदरांनी खाल्ला म्हणून स्वप्नालीनं घरून काळ्या लोकरीचा आणला, तिच्या आईनं कातलेला. हाताला खरखरीत, मेंढराचा वास येणारा. मुलं गोल बसली. मी खुर्चीवर. नियम तीनदा बजावला, मदत ज्याची त्यानं मागायची. बिरदेवनं लगेच शेजारच्यासाठी तोंड उघडलं, त्याला अंगठे धरून उभं केलं.

मुलांनी काय काय मागितलं. कुणाला इंग्रजी वाचायला, कुणाला सायकल शिकायला. काही मुलं इतकी पुटपुटत होती की मी नुसती मान हलवली. असल्या खेळात ऐकण्यासारखं फार नसतं.

स्वप्नालीकडे गुंडा गेला तेव्हा ती खाली मान घालून बराच वेळ बोलली. वर्ग एकदम चिडीचूप. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "छान. पुढे."

कुणी पुढे गेलं नाही. गुंडा तिच्या मांडीवर तसाच. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी. मी पुन्हा म्हटलं, "छान सांगितलंस, आता फेक तो." मग तिनं फेकला.

काय अपेक्षा होती यांची, टाळ्या वाजवायच्या? हे खेळ मुलांना नाटकी बनवतात, असा अभिप्राय मी सांगलीला कळवणार आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर

स्वयंपाकघरातून बाहेर आले की ह्यांचा फोन बंद होतो. पलीकडे मुकुल असतो, मी क्रमांक पाहिला. बाप-लेकाचं पुण्याला जायचं घाटतं आहे, हे घर विकून. मला विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सापडले. ताळा जुळला.

सहामाहीचा गणिताचा पेपर, नववीवर मीच देखरेखीला. मी खिडकीशी उभी होते. वळले तर स्वप्नालीचा हात डोक्यावर, हनुवटी मागे. आणि मागे बिरदेव उभा राहून दोन बोटं दाखवतो आहे. दुसरा प्रश्न. याहून उघड काय असतं? सरळ जाऊन दोघांचे पेपर काढून घेतले. बिरदेवचं तोंड हलत होतं, मी म्हटलं गप्प बस, एक शब्द नको.  स्वप्नाली मात्र हात डोक्यावरून खाली आणायचं विसरली होती.

जाधव सर म्हणाले, "मॅडम, पोरगी तशी न्हाई वो." मी म्हटलं, तशी नाही तर कशी आहे ते मी चार महिने बघते आहे. धुळाला निरोप धाडायला लावला.

जेवण गेलं नाही. खरं पकडल्यावर माणसाला समाधान वाटायला हवं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज जे झालं ते सावकाश लिहायला हवं.

धुळा आणि हरणाबाई आले. हरणाबाई काठी टेकत, गुडघा धरत. जाधव सरांनी सगळं सांगितलं. धुळा नेहमीसारखा मोठ्यानं बोललाच नाही. एवढंच म्हणाला, "मग झालं तर. तुमचा शबुद शेवटचा म्हणलो हुतो. दिवाळी झाली की पोरगी आमच्यासंगं."

मी स्वप्नालीला विचारलं, डोक्यावर हात कशासाठी ठेवतेस, इथे सगळ्यांसमोर सांग. ती माझ्याकडे बघत राहिली. एकदा तोंड उघडलं, जाधव सरांकडे पाहिलं, पुन्हा मिटलं. मी म्हटलं, बघा, उत्तर नाही.

तेव्हा हरणाबाईंनी स्वतःच्या डोक्यावर तळहात ठेवला, पालथा, तस्साच. "ही खूण व्हय बाई? ही चोरीची न्हाई. रानात एक म्होरं असतो, एक माघारी. माघारचा हाक मारतोय आन् म्होरच्याला वाऱ्यात ऐकू जात न्हाई, मग मधला असा हात ठेवतो. मागं कोणतरी हाक मारतंय, वळून बघ, असं हाय तिचं."

मी म्हटलं, वर्गात कसला आला वारा. विषय संपवला.

शाळा सुटल्यावर स्टँडकडे निघाले. ते तिघं माझ्या पुढे चालत होते. मनात म्हणत होते, बरोबर केलं मी, बरोबर केलं. इतक्यात स्वप्नालीनं मागे पाहिलं. थांबली. आणि तिचा हात डोक्यावर गेला. दुसरा हात जोरजोरात हलवत होती, बाजूला, बाजूला.

मी वळले. ट्रॅक्टर माझ्या पाठीशी येऊन थांबला होता, हात पुढे केला असता तर लागला असता. चालवणारा उभा राहून ओरडत होता. त्याचा पंजा हॉर्नवर दाबलेला मला दिसत होता. आवाज मात्र कुठून तरी लांबून, उशीखालून आल्यासारखा.

वर पाहिलं तोवर ते तिघं निघाले होते. मुलीनं पुन्हा वळून बघितलं नाही. तिला माझी वाट बघायचं कारणही नव्हतं.

घरी आले. ह्यांना म्हटलं, माझ्या मागे उभे राहा आणि काहीतरी बोला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कॅलेंडरवरच्या तारखा वाचत राहिले. बराच वेळ गेल्यावर म्हटलं, "अहो, बोला ना."

वळले तर ह्यांचे डोळे भरलेले. ते बोलतच होते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज शाळेत फक्त बघत होते. पाठ फळ्याकडे करायची आणि वळायचं. पेपरच्या दिवशी काय झालं ते बिरदेवला विचारलं, त्याच्या बाकापाशी जाऊन, त्याच्या तोंडाकडे बघत. तो म्हणाला, "पुरवणी मागत हुतो मॅडम. दोन पायजे हुत्या. लय येळ मागत हुतो."

स्वप्नाली आलेली नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मुकुल आला होता. बाप-लेकाचं घर विकायचं काही घाटत नव्हतं, सांगलीच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घ्यायचं घाटत होतं. मला सांगायचं कुणी, यावर दोघांचं चार महिने चाललं होतं म्हणे. इतकी का मी भयंकर आहे? "हो," मुकुल म्हणाला. निदान हे मला नीट ऐकू आलं.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबतच नव्हते, कारण आवाज येतच नव्हता, आणि काचेपलीकडचा मुलगा आपल्याला फसवतो आहे असं क्षणभर वाटलंच. जित्याची खोड.

दोन्ही कान. यंत्र बसवायचं आहे, माप घेतलं, यायला वेळ लागेल.

सगळ्यांत जास्त काय टोचतं ते इथे तरी लिहिते. १३ सप्टेंबरचं पान पुन्हा वाचलं. ती मुलगी खाली मान घालून काहीतरी मागत होती आणि मी "छान, पुढे" म्हटलं. दोनदा. काय मागत होती हे आता एखादं शेंबडं पोरही सांगेल.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शाळा सुरू. जाधव सरांना म्हटलं, तक्रार मागे घेते, स्वप्नालीनं आणि बिरदेवनं काही केलं नव्हतं. दोघांचे पेपर पुन्हा घेऊ. सरांनी बिरदेवला धाडून धुळाला लगेच निरोप दिला. दुपारी उलट निरोप आला, तो बिरदेवनं माझ्यासमोर उभं राहून, सुटा सुटा, जसाच्या तसा सांगितला.

"मॅडम आदी चोर म्हणत्यात, आता न्हाई म्हणत्यात. पोरीची अब्रू काय गुंडा हाय, हिकडं फेकला, तिकडं फेकला? दया म्हणून ठेवून घेत असतील तर नगं. शनवारी येतो, दाखला तयार ठेवा. आयतवारी वाडा हालतोय."

सर म्हणाले, "मॅडम, चूक झाली एवढ्यानं भागायचं न्हाई. कशी झाली ते सांगायला लागंल."

कशी झाली. म्हणजे ते सांगायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. वर्गात एकदा 'बहिरी बाई' झालं की झालं, पोरं पाठीमागे काय काय बोलतील आणि मला ते ऐकूही येणार नाही. हा शब्द आज पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहिला. सरांना म्हटलं, बघते. भित्री कुठली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

यंत्र अजून आलेलं नाही. ह्यांना म्हटलं, आलं असतं तर केसांआड लपवून सगळं निभावून नेलं असतं. हे समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "निभावलं असतंस गं. पण त्या मुलीचं काय?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

धुळा आणि हरणाबाई सकाळीच येऊन व्हरांड्यात बसले होते. स्वप्नालीही होती, गणवेशात नाही. दाखला जाधव सरांच्या टेबलावर तयार. मी म्हटलं, शेवटचा तास होऊ द्या, तिघंही वर्गात येऊन बसा, मग घेऊन जा. धुळा नाखुशीनं आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

कपाटातून तो काळा गुंडा काढला. खुर्ची बाहेर ठेवली आणि मुलांबरोबर खाली बसले. बसताना गुडघे वाजले असतील, मला काही ऐकू आलं नाही. गुंडा आज माझ्यापासून सुरू, असं म्हटलं.

काय बोलायचं ते घरी पाठ केलं होतं. एकही वाक्य आठवेना. गुंडा धरून बसले. शेवटी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. म्हणून मी स्वप्नालीला चोर ठरवलं. बिरदेव पुरवणी मागत होता, ती मला वळून बघा सांगत होती, आणि मी तिला चोर म्हटलं. मला मदत हवी."

कुणी हसलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाला नवलही वाटलेलं दिसेना, याचंच मला नवल वाटलं. मग बिरदेव माझ्यासमोर सरकून बसला, तोंड वर करून. "मॅडम, ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"न बोलायच्या खेळापासनं. त्या दिशी तुमी एकदाबी 'काय म्हणालास' म्हणला न्हाईसा."

आख्ख्या वर्गाला जुलैपासून ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? पेपर काढून घेतला तेव्हा तरी? ऑफिसात तरी?

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर स्वप्नालीनं दिलं, दारापाशी बसल्या जागेवरून, एकेक शब्द सुटा करून.

"तुमीच नियम सांगितला हुता मॅडम. मदत ज्याची त्यानं मागायची. दुसऱ्यानं बोलायचं न्हाई."

मी लाल पेनानं अधोरेखित केलेली ओळ. माझ्याकडून तो नियम शिकून ती ऑफिसात आईबापांसमोर गप्प बसली होती, मला जाधव सरांपुढे उघडं पाडायचं नाही म्हणून. चोर म्हणवून घेतलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

डोळे पुसून गुंडा तिच्याकडे फेकला. तो धड पोचला नाही, मधल्या मुलीनं पुढे ढकलला. मी म्हटलं, "सप्टेंबरमध्ये तू काय मागितलं होतंस ते मी ऐकलंच नव्हतं. परत सांग. माझ्याकडे बघून सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे, बापाकडे. तोंड त्याच्याकडे वळल्यामुळे शब्द मला कळले नाहीत, पण ते माझ्यासाठी नव्हतेच. धुळानं ते पहिल्यांदाच ऐकले असावेत. घरी कोण असं मागतं? त्याचा चेहरा मी पाहिला. हरणाबाई काठीनं फरशी टोकरत राहिल्या.

मी त्याला म्हटलं, तुम्ही ऑगस्टपासून माझा शब्द मागत होता. तो आज देते. ही मुलगी शिकण्याजोगी आहे. माझ्यापेक्षा जास्त.

धुळानं पटका नीट केला, बाहेर गेला. ते तिघं फाटकाबाहेर पडेपर्यंत मी बघत होते. टेबलावरचा दाखला नेला की नाही, हे जाधव सरांना विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

एसटीतून येताना तासगावच्या पुढे रस्त्यावर एक वाडा दिसला, मेंढरं, घोड्यांवर बांधलेल्या बाजा, कोंबड्यांची टोपली. यांचाच की दुसरा कुणाचा, कळायला मार्ग नाही. घोड्यामागे दोन वेण्यांची एक मुलगी चालत होती. खिडकीतून मान वळवून पाहिलं, तोंड दिसलं नाही.

पहिलाच तास नववीचा. पहिला बाक रिकामा. मी हजेरीला हात लावला नाही, फळ्याकडे वळून उदाहरण लिहायला घेतलं. निदान पाठ फिरवलेली असली की चेहरा झाकता येतो. खडू दोनदा मोडला.

उदाहरण लिहून झालं आणि वर्गाकडे वळले तर बिरदेवचा हात डोक्यावर. तळहात पालथा. त्याच्या शेजारच्याचाही. मग मागच्या बाकांवरचे, मधल्या, खिडकीकडच्या, सगळ्यांचे. अख्खी नववी डोक्यावर हात ठेवून हनुवटीनं माझ्या मागे दाखवत होती.

मी वळून पाहिलं. दारात स्वप्नाली उभी होती, गणवेशात, धापा टाकत. बहुतेक कधीची विचारत होती, आत येऊ का म्हणून.